तपासणी झाली, निकाल कुणाला कळला?

मा. शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : माध्यमिक शाळांचे तपासणी अहवाल पालकांसमोर ठेवण्याबाबत.

महोदय,


दहावीचा निकाल लागला की तालुक्याच्या गावात चौकाचौकांत फ्लेक्स झळकतात. शाळेचा निकाल शंभर टक्के, नव्वदच्या वर अमुक इतके, खाली मुलामुलींचे फोटो आणि त्यांच्याहून मोठे संस्थाचालकांचे. त्याच शाळेची आपल्या खात्यानं कधीतरी तपासणी केलेली असते. त्या तपासणीचा निकाल काय लागला, हे मात्र चौकातल्या एकाही माणसाला ठाऊक नसतं. अहवालाची एक प्रत मुख्याध्यापकांच्या कपाटात, दुसरी शिक्षणाधिकाऱ्यांच्या कार्यालयात, फार तर तिसरी संस्थेच्या सचिवांकडे. त्यापलीकडे तो जात नाही.

मी अनुदानित माध्यमिक शाळेत गणित शिकवलं, शेवटची काही वर्षं मुख्याध्यापिका होते आणि इतर शाळांच्या पॅनेल तपासणीला विषयतज्ज्ञ म्हणूनही गेले. तपासून घेणं आणि तपासणं, दोन्ही कामं केली आहेत. मध्यंतरी ओळखीच्या एका पालकानं आपल्या मुलीच्या शाळेकडे तपासणीचा अहवाल बघायला मागितला. उत्तर मिळालं, तो कार्यालयीन कागद आहे, पालकांचा त्याच्याशी संबंध नाही. हे पत्र त्या उत्तरामुळे लिहिते आहे. शिक्षकांचा पगार सरकारी तिजोरीतून, तपासायला येणारे साहेब सरकारी, त्यांची गाडी सरकारी, आणि जिच्यासाठी हा सगळा खटाटोप ती मुलगी या गृहस्थांची. तरी संबंध नाही!

तपासणी म्हणजे नेमकं काय होतं, ते आधी सांगते. आपण मंत्री म्हणून शाळेत जाता तेव्हा जे दिसतं ते वेगळं असतं, म्हणून सांगायला हवं.

माध्यमिक शाळा संहितेनुसार तपासणी हे शिक्षणाधिकाऱ्यांचं नेहमीचं काम. तारखेचं पत्र आधी येतं. पत्र आलं की शाळेची लगीनघाई सुरू. माळ्यावरचे तक्ते खाली उतरतात, सुविचार नव्यानं लिहिले जातात, प्रयोगशाळेतल्या बाटल्यांवरची धूळ जाते. जनरल रजिस्टर, हजेरीपत्रकं, कॅशबुक, डेडस्टॉक, सेवापुस्तकं, सूचना वही, हालचाल रजिस्टर यांच्या चळती टेबलावर लागतात. सगळ्यात मोठं काम टाचणांचं, म्हणजे शिकवायच्या पाठांच्या लेखी आराखड्यांचं. नववीच्या वर्गात विज्ञानाचा तास असतो आणि विज्ञानाचे सर शिक्षकखोलीत बसून मागच्या तीन महिन्यांची टाचणं एका बैठकीत उतरवत असतात. वर्गाला ‘वाचत बसा’ म्हणून सांगितलेलं असतं. म्हणजे अध्यापनाची तपासणी व्हावी म्हणून अध्यापन थांबतं. ही अतिशयोक्ती वाटत असेल तर कुठल्याही शिक्षकाला खासगीत विचारा.

तपासणीच्या दिवशी साहेबांचं गुलाबपुष्प देऊन स्वागत होतं. परिपाठ त्या दिवशी पंधरा मिनिटं जास्त चालतो. पॅनेलमधली मंडळी एकेका वर्गात दहा-बारा मिनिटं मागच्या बाकावर बसतात. शिक्षकानं निवडलेला धडा आधी एकदा शिकवून झालेला असतो, त्यामुळे मुलं फटाफट हात वर करतात. दुपारी जेवण, जेवणानंतर रजिस्टरांवर सह्या आणि शेवटी शेरे. टाचणे अद्ययावत ठेवावीत. अप्रगत विद्यार्थ्यांकडे विशेष लक्ष द्यावे. ग्रंथालयाचा वापर वाढवावा. शालेय परिसर स्वच्छ ठेवावा. हे शेरे महाराष्ट्रातल्या कोणत्याही शाळेला कोणत्याही वर्षी लागू पडतात, म्हणूनच ते कुणालाच लागत नाहीत. पुढे शाळा पूर्तता अहवाल पाठवते: विशेष लक्ष देण्यात येत आहे, वापर वाढवण्यात आला आहे. कागदाला कागदाचं उत्तर मिळालं की फाईल बंद.

सगळेच अधिकारी असे नसतात. आमच्याकडे एकदा एक उपशिक्षणाधिकारी आले होते. टेबलावरच्या चळतीकडे त्यांनी पाहिलंही नाही. थेट नववीच्या वर्गात गेले, शेवटच्या बाकावरच्या मुलाची वही मागितली आणि त्यात शिक्षकाची शेवटची सही कोणत्या तारखेची आहे एवढंच पाहिलं. मग त्याला पाठ्यपुस्तकातला एक परिच्छेद वाचायला लावला आणि त्यात काय म्हटलंय ते त्याच्या शब्दांत सांग म्हणाले. असं पाच-सहा मुलांशी झालं. संध्याकाळी त्यांनी आम्हाला जे सांगितलं ते झोंबलं, पण शाळेबद्दल त्याआधी कुणी इतकं खरं बोललं नव्हतं. दुर्दैवानं अहवालाच्या छापील नमुन्यात ते लिहायला जागाच नव्हती. तिथं रजिस्टरं पूर्ण आहेत की अपूर्ण, हाच रकाना होता.

महोदय, त्या शेवटच्या बाकावरच्या मुलाचा प्रश्न एकट्या आमच्या शाळेचा नाही. मुलांची शैक्षणिक पातळी तपासणाऱ्या ‘असर’च्या २०२३ च्या पाहणीत देशातल्या २८ जिल्ह्यांच्या ग्रामीण भागातल्या १४ ते १८ वयाच्या मुलामुलींची चाचणी घेतली होती. सुमारे एक चतुर्थांश मुलांना आपापल्या भाषेतला दुसरीच्या पातळीचा मजकूर सलग वाचता आला नाही. तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येनं भागणं जमलं ते ४३.३ टक्क्यांना. हेच वय आठवी ते बारावीचं. या वयाची बहुतेक मुलं शाळा-कॉलेजांच्या पटावर आहेत, आणि त्यांच्या शाळांची टाचणं पूर्ण आहेत.

मग पालकांनी शाळा कशावरून ओळखायची? चौकातल्या फ्लेक्सवरून? दहावीच्या राज्याच्या निकालाचे तीन आकडे शेजारी मांडून बघा. २०१८ चा निकाल ८९.४१ टक्के. २०१९ मध्ये अभ्यासक्रम नवा आला, भाषा आणि सामाजिक शास्त्रांतले शाळेच्या हातातले तोंडी परीक्षेचे गुण काढून घेतले आणि निकाल ७७.१० टक्क्यांवर घसरला. ओरड झाली, गुण परत मिळाले, आणि २०२० मध्ये निकाल ९५.३० टक्के. एका वर्षात शाळा बिघडल्या आणि पुढच्या वर्षी सुधारल्या, असं कुणी म्हणणार नाही. २०२१ मध्ये तर करोनामुळे परीक्षाच झाली नाही आणि निकाल ९९.९५ टक्के लागला! हा आकडा शाळेबद्दल काही सांगतो यावर विश्वास ठेवायला फार भाबडेपणा लागतो.

शंभर टक्क्यांचं आणखी एक गुपित आहे, ते शिक्षकांना माहीत असतं आणि आईबापांना उशिरा कळतं. नववीत कच्चं मूल सापडलं की त्याच्या घरच्यांना बोलावून ‘सतरा नंबरनं बसवा’ असा सल्ला दिला जातो. शाळा सुटलेल्यांना बाहेरून दहावी करता यावी म्हणून सतरा नंबरच्या अर्जाची सोय आहे, चांगली सोय आहे. तिचा असा उपयोग झाला की ते मूल शाळेच्या निकालातून बाहेर पडतं आणि शाळेचा निकाल उजळतो. हे पकडायला हुशारी लागत नाही. जनरल रजिस्टर तर टेबलावर असतंच. आठवीला पटावर किती मुलं होती, त्यांतली किती याच शाळेतून दहावीला बसली आणि उरलेली कुठं गेली, एवढं ताडून बघायचं. मी गेले त्या एकाही पॅनेलला हे काम सांगितलेलं नव्हतं.

मुलींच्या सुरक्षिततेचंही तेच. बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर झालेल्या अत्याचारानंतर ऑगस्ट २०२४ मध्ये शासनानं सीसीटीव्ही आणि तक्रारपेटीबद्दल कडक आदेश काढले. आता तपासणीत पेटी आहे का ते पाहतात. पेटी कोण उघडतं, कधी उघडतं, आणि एखाद्या मुलीनं चिठ्ठी टाकली तर ती आधी कुणाच्या हातात पडते, हे विचारणारं कुणी भेटलेलं नाही.

यावर मंत्रालयातून उत्तर येईल की आता जुनी तपासणी राहिली नाही, नवी मूल्यमापनाची पद्धत आली आहे. आली आहे खरी. नोव्हेंबर २०१५ मध्ये केंद्राची ‘शाळा सिद्धी’ आली, तिच्यात ७ क्षेत्रं आणि ४६ गाभा मानकं. नव्या शैक्षणिक धोरणानंतर आपल्याकडे ‘स्क्वाफ’ आलं, त्यात १२८ मानकं. शाळेनं आपलं मूल्यांकन आपणच करायचं, आपला स्तर आपणच ठरवायचा आणि पुरावे लिंकवर चढवायचे. पुरावा म्हणजे बहुधा फोटो. ग्रंथालयात पुस्तक हातात धरून बसलेल्या मुलांचा फोटो, प्रयोगशाळेत परीक्षानळी धरलेल्या मुलींचा फोटो, वृक्षारोपणाचा फोटो. फोटो निघाला की पुस्तक कपाटात आणि कपाटाला कुलूप. ‘मुख्यमंत्री माझी शाळा, सुंदर शाळा’ अभियानात राज्यात पहिल्या आलेल्या शाळेला ५१ लाखांचं बक्षीस ठेवलं होतं. त्या निमित्तानं अनेक शाळांच्या भिंती रंगल्या, परसबागा झाल्या, आणि ते चांगलंच झालं. पण बक्षिसासाठी गुण देणं वेगळं आणि आजारी शाळेची नाडी पाहणं वेगळं. ज्या शाळेला डॉक्टरची गरज आहे ती स्पर्धेत उतरतच नाही.

स्वयंमूल्यांकनाला माझा विरोध नाही. शाळेनं आरशात पाहावं. मात्र एकशे अठ्ठावीस रकाने भरणारा बहुतेक शाळांत एकच संगणक जाणणारा शिक्षक असतो, आणि तो ते भरत असतो तेव्हा त्याच्या वर्गावर कुणी नसतं. शिवाय तो भरलेला निकालही पालकांपर्यंत येत नाहीच. मूळ गाठ तिथंच आहे.

तपासणी वाईट असते म्हणून लपवली जाते, असं वरवर दिसतं. मला उलट वाटतं. ती लपलेली राहते म्हणूनच वाईट असते. जो अहवाल पन्नास पालक वाचणार आहेत, त्यात ‘अप्रगत विद्यार्थ्यांकडे विशेष लक्ष द्यावे’ असं लिहून कुणी साहेब सही करून जाणार नाहीत. पहिलाच पालक विचारेल, अप्रगत किती, कोणत्या विषयात, आणि लक्ष देणार म्हणजे कोण, कधी?

उघडपणानं काय होतं ते या राज्यानं पाहिलेलं आहे. ३ ते ५ ऑक्टोबर २०११ या तीन दिवसांत सगळ्या महाराष्ट्रात एकाच वेळी पटपडताळणी झाली होती. एकच मूल दोन शाळांत मोजलं जाऊ नये म्हणून मुलांच्या बोटांना शाई लावली होती. पटावरची सुमारे वीस लाख मुलं वर्गात सापडली नाहीत. पुढे कारवाई रेंगाळली, न्यायालयाला पुन्हा पुन्हा विचारावं लागलं, तो इतिहास आपल्याला माहीत आहे. तरी ती तपासणी आजही लोकांच्या लक्षात आहे, कारण तिचा आकडा वर्तमानपत्रात आला. त्याआधी वर्षानुवर्षं त्याच हजेरीपत्रकांवर तपासणी अधिकाऱ्यांच्या सह्या होत होत्या. २०२५ मध्ये नागपुरात शिक्षकांच्या पगारासाठीच्या बोगस शालार्थ आयडीचं प्रकरण बाहेर आलं, तेव्हाही हाच प्रश्न मनात आला: त्यात सापडलेल्या शाळांच्या शिक्षकांची यादी गावासमोर वाचली गेली असती, तर न शिकवणारा शिक्षक किती दिवस लपला असता?

ही कल्पना आपल्या मातीला परकीही नाही. १८५३ च्या फेब्रुवारीत पुण्यात जोतीराव फुल्यांच्या मुलींच्या शाळांची परीक्षा भर लोकांत झाली आणि ती पाहायला हजारोंचा समुदाय लोटला होता. विरोधकांचा जोर असलेल्या त्या शहरात शाळा चालवणाऱ्यांनी स्वतःहून सगळ्यांना बोलावलं, या आणि बघा म्हणून. आज आपल्याला एक अहवाल दाखवायचा संकोच वाटतो.

कायदाही पालकांच्या बाजूचा आहे. माहिती अधिकार कायदा २००५ च्या चौथ्या कलमात सार्वजनिक कार्यालयांनी माहिती आपणहून प्रसिद्ध करावी असं सांगितलं आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये शाळांच्या दर्जाबाबतची मूलभूत माहिती उघड ठेवण्यावर भर आहे. १२८ मानकं आपण ज्या धोरणातून घेतली, त्याच धोरणातली ही ओळ मात्र वाटेत गळाली.

आता एक धोका. तो मी स्वतःच सांगते, कारण कुणीतरी सांगेलच. इंग्लंडात १९९२ च्या कायद्यानं ‘ऑफस्टेड’ नावाची शाळा तपासणारी यंत्रणा उभी राहिली. तिचे अहवाल पहिल्यापासून सगळ्यांना खुले. पण संपूर्ण शाळेवर तिथं एका शब्दात शिक्का बसायचा: उत्कृष्ट, चांगली, सुधारणा आवश्यक, अपुरी. लोक अहवाल वाचेनात, शिक्का वाचू लागले. त्या शिक्क्यावर आसपासच्या घरांच्या किमती ठरू लागल्या. रेडिंग इथल्या एका प्राथमिक शाळेला सर्वांत वरच्या श्रेणीवरून एकदम तळाला टाकायचं ठरलं आणि जानेवारी २०२३ मध्ये, अहवाल प्रसिद्ध होण्याआधीच, तिथल्या मुख्याध्यापिकेनं आत्महत्या केली. तपासणी त्या मृत्यूला काही अंशी कारणीभूत होती, असा निष्कर्ष डिसेंबर २०२३ मध्ये चौकशीत निघाला. सप्टेंबर २०२४ मध्ये तो एका शब्दाचा शिक्का सरकारी शाळांसाठी रद्द झाला आणि नोव्हेंबर २०२५ पासून वेगवेगळ्या बाबींवर वेगवेगळा अभिप्राय देणारी पत्रकं सुरू झाली.

म्हणून माझी मागणी नीट वाचावी. मला अ, ब, क, ड नको आहे. आपल्याकडे श्रेणीचं वेड आधीच फार आहे. श्रेणी दिली की उद्या तिचाही फ्लेक्स लागेल आणि ‘ड’ मिळालेल्या शाळेतून उरलीसुरली मुलंही उठून जातील. त्या शाळेत राहतात ती ज्यांना दुसरीकडे जाता येत नाही ती. मला साध्या मराठीत लिहिलेला दोन पानांचा अहवाल हवा आहे. मुलं वाचतात कशी, गणित करतात कसं, आठवीतली किती दहावीपर्यंत टिकली, वह्या तपासल्या जातात का, प्रयोग मुलं स्वतः करतात की बघतात, मुलींचं स्वच्छतागृह वापरण्याजोगं आहे का. एवढं पुरे. तपासणाऱ्यानं पूर्ण तास बसावं, न सांगता यावं, आणि रजिस्टरं लिपिकानं लिपिकाशी ताडावीत, त्यासाठी विषयतज्ज्ञ खर्ची घालू नयेत.

त्याच अहवालात सरकारचा रकानाही हवा, आणि यावर मी अडून बसणार आहे. माझ्या निवृत्त सहकाऱ्यांना माझं हे पत्र शिक्षकांच्या विरुद्ध वाटू नये म्हणून नव्हे, तर ते न्यायाचं आहे म्हणून. ११ डिसेंबर २०२० च्या शासन निर्णयानं अनुदानित शाळांतली शिपायांची नियमित पदं संपवून त्याजागी ठोक भत्ता दिला. तेच शासन तपासणीत शेरा मारतं, परिसर स्वच्छ ठेवावा. कुणी ठेवावा? प्रयोगशाळा सहायक नाही, ग्रंथपाल अर्धवेळ किंवा नाहीच, इंग्रजीच्या शिक्षकाची जागा रिकामी आणि गणिताचा शिक्षक इंग्रजी शिकवतोय, वेतनेतर अनुदान वेळेवर नाही. शाळेचं काय चुकलं ते डाव्या बाजूला लिहा, शासनाकडून काय यायचं राहिलं ते उजव्या बाजूला, आणि दोन्हींखाली साहेबांची सही घ्या. पूर्तता अहवालही मग दोघांनी द्यायचा, शाळेनं आणि कार्यालयानं. उजवी बाजू कोरी ठेवून फक्त शाळेलाच गावासमोर उभं करणार असाल, तर हा अहवाल उघड न केलेला बरा, असंही मी म्हणेन.

तपासायला माणसं कुठं आहेत, हा प्रश्न मात्र खरा आहे. शिक्षणाधिकारी कार्यालयातली कितीतरी पदं प्रभारींवर चालतात, आणि जे आहेत त्यांचा दिवस वैयक्तिक मान्यता, संचमान्यता आणि न्यायालयातल्या प्रतिज्ञापत्रांत जातो. शाळेत जाणं हे त्यांचं उरलेल्या वेळातलं काम झालं आहे. दरवर्षी सगळ्या शाळा तपासणं झेपत नसेल, तर तीन वर्षांतून एकदा तपासा, पण दोन दिवस बसून नीट तपासा. खोटी वार्षिक तपासणी करण्यापेक्षा खरी त्रैवार्षिक केव्हाही चांगली.

आपण यंदा सगळं राज्य बदला, असं मी म्हणत नाही. एक जिल्हा निवडा. एक परिपत्रक काढा, की तपासणीचा अहवाल शाळेच्या दर्शनी फलकावर लागेल आणि शिक्षक-पालक संघाच्या पुढच्या सभेत मुख्याध्यापक तो मोठ्यानं वाचून दाखवतील. यासाठी निधी, निविदा, पोर्टल, ॲप काहीही लागत नाही. विशेषतः ॲप नको, ही हात जोडून विनंती.

हे पत्र वाचणाऱ्या पालकांनी परिपत्रकाची वाट बघत बसू नये. जिल्हा परिषदेच्या माध्यमिक शिक्षण विभागात, मुंबईत असाल तर शिक्षण निरीक्षकांच्या कार्यालयात, जनमाहिती अधिकारी असतो. साध्या कागदावर अर्ज लिहा, आपल्या शाळेच्या शेवटच्या तपासणीचा अहवाल आणि त्यावरचा पूर्तता अहवाल, दोन्ही मागा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा आणि पोच घ्यायला विसरू नका. तीस दिवसांत उत्तर द्यावंच लागतं.

आपली,
एक निवृत्त मुख्याध्यापिका